जाम नदीच्या मधोमध

सावरगाव माझं माहेर, पांढुर्णा माझं सासर, आणि मधे जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून चंडीमातेच्या नावानं गोटमार, म्हणजे दगडफेक, सुरू होते. त्या दिवशी माझा भाऊ एका काठावर असतो आणि धाकटा दीर दुसऱ्यावर. आदल्या दिवशी दोघांच्याही अंगणात बैलांची पूजा झालेली असते, शिंगांना बेगड लागलेली असते, त्यांना पुरणपोळीचा घास भरवलेला असतो. दुसऱ्या दिवशी माणसांची डोकी फुटतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, ज्यांचं जास्त असतं त्यांना नागपूरला हलवतात. या नदीत माणसं मेलीही आहेत.

मी सौंसरच्या कोर्टात वकिली करते. त्यामुळे जमावबंदीचा आदेश निघाला, गोफणीवर बंदी आली, की घरातला पहिला प्रश्न मलाच. दीर म्हणतो, “वहिनी, संविधानानं धर्माचं स्वातंत्र्य दिलं ना? मग आमच्या चंडीमातेच्या मधात पोलीस काहून?”

प्रश्न रास्त आहे आणि मनापासून विचारलेला आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. धर्मस्वातंत्र्य देणारं पंचविसावं कलम अटींनीच सुरू होतं. सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातल्या बाकीच्या तरतुदी, या सगळ्यांना बांधील राहूनच हे स्वातंत्र्य आहे. त्या बाकीच्या तरतुदींत एकविसावं कलम येतं, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. घटनाकारांनी श्रद्धेला मोठा मान दिला, पण तिची जागा जिवाच्या वर ठेवली नाही.

यावर दीर दुसरं टोक धरतो. “मी माझ्या मर्जीनं उतरतो. डोकं माझं, रक्त माझं. माझा हक्क मीच सोडला, तर सरकारचं काय जातं?”

इथे मला थांबावं लागतं, कारण हा प्रश्न कायद्याच्या पोटातला आहे. हक्क माझा, म्हणून तो मला टाकून देता येतो का? १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, ओल्गा टेलिस खटल्यात, हाच मुद्दा निघाला होता. फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, असं त्या माणसांनी उच्च न्यायालयात कबूल केलं होतं. ते कबूल केलंत, आता बोलू नका, असं महापालिकेचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. संविधानातले हक्क केवळ त्या माणसाच्या फायद्यासाठी नसतात, सगळ्या समाजाच्या हितासाठी असतात, म्हणून ते कुणाला सोडून देता येत नाहीत. तो खटला महापालिकेविरुद्धचा होता, शेजारच्या गावाविरुद्धचा नव्हता, हे मी दिराला सांगते. पण फौजदारी कायदाही तेच सांगतो. जुन्या दंडसंहितेतलं सत्त्याऐंशीवं कलम, नव्या न्याय संहितेत पंचविसावं, संमतीची हद्द ठरवतं. तिथलं उदाहरण मौजेनं तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं आहे. नियमानं खेळताना लागलं तर गुन्हा नाही. पण संमती देणारा अठरा वर्षांवरचा हवा, आणि त्या कृत्यानं मरण किंवा जबर दुखापत होण्याचा संभव आहे हे मारणाऱ्याला माहीत असता कामा नये. नदीतला मुठीएवढा गोल गोटा गोफणीतून सुटला की काय होतं, हे दोन्ही काठांवर कुणाला माहीत नाही?

आणि ती मर्जी तरी किती आपली? मी पंधरा वर्षांचे पोट्टे पात्रात उतरताना बघते. मागे काठावर काका, मामा, अख्खी आळी उभी असते, ढोल वाजत असतो. त्या गर्दीत “मी येत नाही” म्हणायला जे धैर्य लागतं, ते दगड झेलायच्या धैर्याहून मोठं आहे. माझ्या भावाच्या भुवईवर एकदा गोटा बसला. भुवईचं रक्त आधी डोळ्यात उतरतं, माणसाला दिसेनासं होतं, म्हणून तो हात पुढे करून चाचपडत काठाकडे येत होता. वहिनीनं जखमेवर देवीची राख दाबली. तिला कुणी तिची मर्जी विचारली नव्हती.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ही गोटमार आली कुठून? भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाची एक कथा सांगतात, पण घराघरात चालते ती दुसरी. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला. नदी ओलांडताना सावरगावच्या लोकांनी गाठलं, दगड मारले. पांढुर्णेकरांनी उलट मारले. दोघं मधोमध मेली. आजही पळसाला ती मुलगी मानतात. सावरगाव तिला राखतं, पांढुर्णा तिला आणायला धावतो.

ही कथा खरी किती, ते मला ठाऊक नाही. पण ती जोडी माझ्या ओळखीची आहे. ती माझ्याकडे येते. मुलाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत दोघांच्या दहावीच्या गुणपत्रिका असतात, जन्मतारखेच्या पुराव्यासाठी. मुलीचा मोबाईल बंद केलेला असतो. ती एकच विचारते, “मॅडम, घरचे इथं येऊ शकतात का?” मी तिला सांगते की तू सज्ञान आहेस, कुणाशी लग्न करायचं हे ठरवणं तुझ्या जीविताच्या हक्कातच येतं. २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात गावाला, जातीला, पंचायतीला आडवं येण्याचा कसलाही अधिकार नाही. त्यांना संरक्षण देणं पोलिसांचं काम आहे, गरज पडली तर सुरक्षित निवाराही. गरज पडली तर आम्ही जबलपूरच्या उच्च न्यायालयात अर्जही करतो.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी समाधानानं सांगितलं होतं की या मसुद्यानं गाव हे एकक टाकून दिलं आणि व्यक्तीला एकक मानलं. त्यावर टीका खूप झाली. मी मात्र ते भाषण जाम नदी डोळ्यांसमोर ठेवूनच वाचते. काठावर दोन गावं होती, दोघांना आपापली अब्रू होती, आपापली देवभक्ती होती. मधे दोन माणसं होती आणि त्यांच्या बाजूनं कुणीच नव्हतं. संविधान त्या दोघांसाठी लिहिलं गेलं. त्यांची आठवण म्हणून आपण दगड हातात घेतो, तेव्हा आठवण मारणाऱ्यांची जपली जाते.

धर्माच्या बाजूनंही बघू. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून न्यायालयं विचारत आली आहेत की एखाद्या आचारात धर्माचा गाभा कोणता. आमच्या आचारात तो शोधायला फार लांब जावं लागत नाही. झाड तोडून झालं की दोन्ही गावं मिळून ते चंडीमातेच्या देवळात नेतात आणि पूजा करतात. देवीपुढे जातो तो पळस. गोटे नदीतच राहतात.

म्हणून येत्या पोळ्याआधी शांतता समितीची बैठक बसेल तेव्हा मी बोलणार आहे, सावरगावची लेक म्हणून आणि पांढुर्ण्याची सून म्हणूनही. पळस रोवा, झेंडा बांधा, आणि सावरगावनं लेकीची पाठवणी करावी तसा तो पांढुर्ण्याच्या हाती द्यावा. तिथून दोघांनी मिळून देवळात न्यावा. एवढं यंदा जमणार नसेल तर निदान अठरा वर्षांखालचं एकही पोर पात्रात उतरणार नाही, हे दोन्ही काठांच्या जाणत्यांनी आपल्या तोंडानं कबूल करावं, पोलिसांवर सोपवू नये. दिराला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पोरांचं मी बोलतो, वहिनी. बाकीचं तुम्ही बोला.”