दारचे झाड

अंगणात कोणते झाड लावावे, हा प्रश्न वरवर बागेचा दिसतो. पण थोडे उकरले की खाली नीतीचा प्रश्न निघतो. माझ्या पुतण्याने यंदा तो माझ्यापुढे टाकला. मोबाइलवर जपानी मेपलचे चित्र दाखवून तो म्हणाला, "काका, आपल्या सिरसाळ्यात हे लावू या. कुंडीतही राहते." झाड खरोखरच देखणे! पाने लहान मुलाच्या पंजासारखी, आणि पानगळीआधी शेंदरापासून कुंकवापर्यंत रंगणारी.

दुष्काळी मुलखात शोभेचे झाड म्हणजे चैन, असे कोणीही म्हणेल. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोण विसरेल? तरीही हा आक्षेप मला पटत नाही. तशा दिवसांतही तुळशीला तांब्याभर पाणी मिळते, भाजी धुतलेले पाणी शेवंतीला जाते. पोटापलीकडचे सगळेच वर्ज्य केले, तर माणूस जगेल. पण कशासाठी, हे त्याला सांगता येणार नाही.

माझी अडचण निराळी आहे. हे झाड थंड हवेचे. हिवाळ्यात पाने गाळून ते झोपी जाते आणि ती गार झोप पुरी झाली नाही, तर वसंतात नीट जागे होत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कोरड्या वाऱ्याने त्याची नाजूक पाने कडांनी करपतात. सावली करता येईल, माती बदलता येईल, पाणीही घालता येईल. पण थंडीची झोप कोठून आणून देणार? ज्याची मुख्य गरज आपल्याला भागवता येत नाही, त्याला केवळ आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी दारी ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? झाड तक्रार करीत नाही, एवढ्याने तो मिळत नाही. मुलांच्या बाबतीतही आपण कित्येकदा हेच करतो. खतपाणी भरपूर घालतो, कुंडी मात्र आपल्या हौसेची असते. आणि मग पान का करपले म्हणून त्यालाच विचारतो.

मग परके काही आणूच नये काय? तसेही नव्हे. ऐन दिवाळीत घरोघर खाल्ले जाणारे सीताफळ मूळचे अमेरिका खंडातले. बालाघाटाच्या खडकाळ उतारांनी त्याला असे आपले केले, की आज बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. परकेपणा जन्मगावावर ठरत नाही. येथे त्याला सुखाने नांदता येते की नाही, यावर ठरतो.

जपानी माणसेही मेपलची लाली पाहायला डोंगरदऱ्यांत जातात. त्या सहलीला त्यांच्या भाषेत 'मोमिजीगारी' असे नावच आहे. प्रेमाने आपण जावे, त्याला ओढून आणू नये, ही रीत मला आवडते. आणि लालीच हवी असेल, तर आपल्या पिंपळाची कोवळी पालवी पाहावी. तिकडे पान निरोप घेताना लाल होते, इकडे जन्मताना. दोन्ही आपापल्या जागी शोभतात. आवडलेले सगळे आपल्याच दारी असले पाहिजे, हा हट्ट सुटला, की जगातले पुष्कळसे सौंदर्य आपले होते.