तोच हा खेळ?

फेब्रुवारी २०१९ मध्ये गोव्याचे तेव्हाचे माहिती-तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी पबजी या मोबाइलवरच्या खेळाला घराघरांत शिरलेला राक्षस म्हटलं. पेडणे आणि डिचोली तालुक्यांना राक्षसाचं नवल नाही. तिथल्या देवळांसमोर जत्रेच्या रात्री दशावताराचा खेळ उभा राहतो, तेव्हा काळ्या कपड्यांतला संकासुर येतो, ब्रह्मदेवाचे वेद पळवतो, मालवणीतून टवाळी करत लोकांना हसवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. दुसऱ्या रात्री पुढच्या गावात तो पुन्हा हजर. पबजीचंही असंच झालं. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्याच्यावर बंदी घातली आणि जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय हे नाव घेऊन परतला. चीनची टेन्सेंट मागे सरली, दक्षिण कोरियाची क्राफ्टन पुढे आली, गोळी लागल्यावर उडणारं रक्त हिरवं झालं. २०२२ च्या जुलैत हा नवा अवतारही ॲपच्या दुकानांतून हटवला गेला, मे २०२३ मध्ये परत आला.

बीजीएमआय आला तेव्हा क्राफ्टनने जुनी खाती नव्या खेळात वळवून घ्यायची सोय दिली होती. कमावलेले पोशाख, बंदुकांवरची नक्षी, सगळं पलीकडे नेता येत होतं. मग भांडण सुरू झालं. हा तोच खेळ, की जुन्याची कातडी पांघरलेला दुसराच? नाव बदललं, कंपनी बदलली, रक्ताचा रंग बदलला. मग ‘तोच’ म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी कित्येक शतकं खर्ची घातली आहेत. ‘तोच हा देवदत्त’ हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. काशीत पाहिलेला देवदत्त काही वर्षांनी दुसऱ्या गावात भेटतो. अंगाने सुटलेला, केस पिकलेले, तरी ओळख पटते. नैयायिक म्हणतो, ओळख पटली याचा अर्थ बदलांखाली काहीतरी एक टिकून आहे. बौद्ध म्हणतो, तसं काही नाही. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असते, कापलेले केस पुन्हा वाढतात ते नवेच असतात, तरी आपण ‘तीच ज्योत, तेच केस’ म्हणतोच की. साम्याला आपण एकत्व समजून बसतो. पबजीचा प्रत्येक अपडेट पाहणाऱ्या पोराला बौद्धाचं म्हणणं चटकन पटेल. आपले पोशाख नव्या खात्यात आले की नाही हे तपासताना मात्र तोच पोरगा पक्का नैयायिक असतो.

डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावात हा प्रश्न दगडात उभा आहे. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात दिवाडी बेटावर होतं. बहमनी स्वारीत ते देऊळ पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलं, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडलं. लिंग नदीपलीकडे, त्या वेळी पोर्तुगिजांच्या अमलाबाहेर असलेल्या डिचोलीच्या मुलखात आणलं गेलं. देवाबरोबर गावाचं नावही आलं. दिवाडीवर एक नार्वे आहे, इकडे दुसरं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला, त्याचा शिलालेख तिथे आहे. २०२३ मध्ये पुन्हा डागडुजी होऊन ते लोकांसाठी खुलं झालं. देऊळ नवं, जागा नवी, आश्रयदाते नवे. तरी कदंबांचा तो हाच का, असं नार्व्यात कोणी विचारत नाही.

त्याचं कारण धर्मशास्त्राच्या व्यवहारात सापडतं. जीर्णोद्धाराच्या वेळी मूर्तीतलं दैवत आधी कलशात घेतात आणि काम झालं की विधीपूर्वक परत मूर्तीत नेतात. मधल्या काळात दगड हा दगडच. म्हणजे सातत्य आपोआप राहत नाही. ते कोणाला तरी नेमाने, साक्षीदारांसमोर वाहून न्यावं लागतं. खेळांच्या चाहत्यांचा राग नेमका इथे असतो. पुढचा भाग वेगळा निघाला म्हणून ते एवढे चिडत नाहीत. मधला कलश कोणाच्या हातात होता आणि त्याला तो उचलायचा अधिकार कोणी दिला, यावर ते चिडतात.

फॉलआउट ही मालिका घ्या. अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेतला हा खेळ १९९७ मध्ये इंटरप्ले कंपनीने आणला. वरून पाहायचा, डाव टाकत खेळायचा, काळ्या विनोदाने भरलेला. कंपनी पैशाने खचली. २००४ मध्ये बेथेस्डाने पुढचा भाग काढण्याचा परवाना घेतला आणि २००७ मध्ये साडेसत्तावन्न लाख डॉलरना मालिकेचे सगळे हक्कच विकत घेतले. २००८ चा तिसरा भाग पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा, धावता-गोळीबाराचा झाला. जुने चाहते म्हणाले, हा फॉलआउटच नव्हे. २०१० मध्ये जुन्या मंडळींपैकी काही जण असलेल्या ऑब्सिडियन कंपनीने बेथेस्डासाठी ‘न्यू व्हेगस’ केला आणि चाहत्यांत सरळ दोन पंथ पडले.

एप्रिल २०२४ मध्ये या मालिकेवर दूरचित्रमालिका आली. तिच्यातल्या एका फळ्यावर ‘शेडी सँड्सचा पाडाव, २२७७’ असं लिहिलेलं, पुढे बाण आणि स्फोटाचं चित्र. न्यू व्हेगसची गोष्ट घडते २२८१ मध्ये, आणि तिथे शेडी सँड्स हे शहर शाबूत धरलेलं आहे. चार वर्षांच्या या फरकावरून केवढं रण माजलं! नव्या मालकाने जुन्या मंडळींचा भाग खोटा ठरवला, असा आरोप झाला. बेथेस्डाच्या लोकांना खुलासा करावा लागला की न्यू व्हेगस खराच धरायचा आहे, स्फोट त्यानंतर झाला. मग चाहत्यांनीच अर्थ लावला: २२७७ ला पाडाव सुरू झाला, आणि बाण दाखवतो तो पुढच्या काळाकडे. दोन श्रुतिवचनं परस्परविरुद्ध दिसली की मीमांसक एकवाक्यता साधतात, ती याच पद्धतीने. मीमांसासूत्रांचा कर्ता जैमिनी याला हा फळा दाखवला असता तर त्याने एक अधिकरण लिहिलं असतं.

दर्शनांची भाषा इथे शोभेसाठी आणलेली नाही. ग्रंथ प्रमाण का मानायचा, यावर न्याय आणि मीमांसा यांचं जुनं भांडण आहे. नैयायिक म्हणतो, बोलणारा विश्वासाचा, म्हणजे ‘आप्त’, म्हणून वचन विश्वासाचं; वेद ईश्वराचे म्हणून प्रमाण. मीमांसक उलट म्हणतो, चूक शिरते ती बोलणाऱ्यातून. वेदाला कर्ताच नाही, म्हणून त्यात दोष शिरायला वाटच नाही. खेळांच्या चाहत्यांत हे दोन्ही पक्ष जसेच्या तसे दिसतात. मेटल गिअर मालिकेचा कर्ता हिदेओ कोजिमा २०१५ मध्ये कोनामी कंपनी सोडून गेल्यावर २०१८ चा ‘मेटल गिअर सर्व्हाइव्ह’ ज्यांनी हातात घ्यायलाच नकार दिला, ते नैयायिक: आप्त गेला, वचन संपलं. मास इफेक्ट या खेळमालिकेचे चाहते दुसऱ्या पक्षाचे. २०१२ मध्ये त्याच्या तिसऱ्या भागाचा शेवट मूळ कर्त्यांनीच, बायोवेअरनेच लिहिला होता. तरी चाहत्यांनी तो नाकारला. तीन भागांत खेळणाऱ्याने घेतलेल्या निर्णयांचं फळ शेवटी दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही. निषेध म्हणून त्यांनी कंपनीला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे चारशेहून अधिक कपकेक पाठवले. रंग तीन, चव सगळ्यांची एकच, खेळातल्या तीन शेवटांसारखी. जूनमध्ये कंपनीने वाढीव शेवट दिला. इथे संहितेने कर्त्याला खोटं ठरवलं, आणि यापेक्षा पक्का मीमांसक शोधून सापडायचा नाही.

मूळ कथेचा शेवट पसंत नसेल तर तो बदलावा का, या प्रश्नालाही मराठी मुलखात जुना आधार आहे. विदर्भातल्या पद्मपूरचा भवभूती (गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं पदमपूर ते हेच, असं बरेच अभ्यासक मानतात) याने आठव्या शतकात आधी ‘महावीरचरित’ लिहिलं आणि मग रामकथेचा पुढचा भाग, ‘उत्तररामचरित’. रामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीने राम-सीतेची भेट घडवली, तीही नाटकातल्या नाटकानंतर, खुद्द वाल्मीकीला त्या आतल्या नाटकाचा कर्ता करून. पुढे नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त अशा बदलाला तत्त्वाचं बळ दिलं: परंपरेने आलेला प्रसंग रसाला मारक असेल तर कवीने तो सोडावा आणि दुसरा कल्पावा. भवभूतीवर टीका झाली असेल, नसेल. पण रामकथेचे हक्क कोणाकडे आहेत, असं त्याला कोणी विचारलं नाही.

खरा फरक इथे आहे. न्याय आणि मीमांसा या दोघांच्याही कल्पनेत तिसरा दावेदार नव्हता. ज्याने लिहिलं नाही, ज्याला संहितेचं बंधन नाही, पण ज्याने किंमत मोजली आहे, असा दावेदार. विकत घेतलेल्या प्रामाण्यासाठी दर्शनांत जागाच केलेली नाही. चाहत्यांच्या वादात जी हतबलता दिसते ती त्यामुळे. आप्ताशी वाद घालता येतो, संहितेचा अर्थ लावता येतो, खरेदीखताशी काय वाद घालणार?

पेडण्यात आणि डिचोलीत याच्या उलट बाजूची व्यवस्था पाहायला मिळते. हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांकडे होते, त्यामुळे तेरेखोलच्या पलीकडचा दशावतार इथे घरचाच. भातकापणी आटोपली की सिंधुदुर्गातल्या कंपन्या पेटारे घेऊन गावोगाव फिरतात: पार्सेकर, वालावलकर, आजगावकर, चेंदवणकर. मोचेमाडकर नावाच्याच नाईक आणि मामा अशा दोन कंपन्या आहेत. चाहत्यांचे गट इथेही कडवे आहेत. राजापार्ट कोणाचा भारी, खलनायकी कोणाची, यावर पहाटेपर्यंत वाद चालतात. आवडलेल्या प्रवेशाला रंगमंचावरच बक्षीस जाहीर होतं. पण पुराणकथा कोणत्याच कंपनीची नाही. खेळाचे दोन भाग: आधी आडदशावतार, त्यात गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव आणि तो संकासुर, सगळं ठरलेलं, मग आख्यान, ज्याचं कथासूत्र रंगपटात ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. पुराणात नसलेली काल्पनिक आख्यानंही सर्रास होतात. नव्या राजाची, नव्या राक्षसाची गोष्ट रचली तर कोणी कपाळाला आठी घालत नाही, मात्र त्यातला शिव शिवासारखा वागायला हवा. एक भाग श्रुतीसारखा घट्ट, दुसरा स्मृतीसारखा मोकळा. दोन्ही एकाच रात्री, एकाच हार्मोनियमवर. खेळांच्या कंपन्या पुढच्या भागात दोन्ही एकत्र कालवतात आणि मग काय ठरलेलं होतं तेच कोणाला कळेनासं होतं.

याचा अर्थ इथे सगळं गोडीगुलाबीने चालतं असा नव्हे. आडदशावतार आता बराच आखडता घेतला जातो, आणि जाणत्यांना ते खुपतं. धूर, दिवे आणि चमत्कारांच्या ट्रिकसीनवर गर्दी लोटते. जुने रसिक म्हणतात, ट्रिकसीन वाढले आणि संवाद खंगले. वेगवेगळ्या कंपन्यांचे नावाजलेले नट एका रात्रीपुरते एकत्र आणणारा संयुक्त दशावतार तर मोठाच वादाचा विषय: तिकिटावर खपतो, पण रोज एकत्र खेळणाऱ्या नटांची जी एकमेकांची सवय असते ती त्यात कुठून येणार? आणि मालक कोणीच नाही म्हणणंही भाबडेपणाचं. गोव्यातली बरीच देवळं पोर्तुगीज काळातल्या १९३३ च्या देवस्थान कायद्याखाली महाजनांच्या हाती आहेत. जत्रेत कोणाला मान, कोणता खेळ, हे ठरवताना गावांत तट पडतात, प्रकरणं कोर्टात जातात. फक्त तो हक्क देवळावर, मानावर आणि त्या रात्रीवर चालतो. संकासुराच्या गोष्टीवर चालत नाही. कंपनी नाराज करून गेली तर पुढच्या वर्षाची सुपारी दुसऱ्या कंपनीला देता येते, आणि तीही वेद पळवण्यापासूनच सुरुवात करते.

व्हिडिओ गेमच्या चाहत्यांना अशी सोय नाही. युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी आपले सर्व्हर बंद करून संपवला. पैसे मोजून घेतलेला खेळ ग्राहकांच्या यंत्रांवर होता, पण चालू होत नव्हता. ‘द क्रू २’ आणि ‘मोटरफेस्ट’ हे पुढचे भाग मात्र विक्रीला होते. त्यावरून रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभारली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघातल्या तिच्या अर्जाने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. तोवर चाहते पुढचा भाग खरा की खोटा यावर भांडत होते. इथे मागणी अगदी साधी होती: पुढचा भाग कसाही काढा, पहिला आमच्याकडे राहू द्या. युबिसॉफ्टने पुढच्या दोन भागांना इंटरनेटशिवाय चालण्याची सोय देण्याचं कबूल केलं. पहिला ‘द क्रू’ तिने बंदच ठेवला.