आमचा फेणे

2017च्या ऑक्टोबरात ‘फास्टर फेणे’ सिनेमा आला आणि आम्ही पोफळीहून सहकुटुंब चिपळूण गाठले. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश म्हणजे काडीसारखे पाय, सायकल आणि ‘ट्टॉक्‌’. पडद्यावर पाहतो तो काय, बाप्या झालेला अमेय वाघ, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला निघालेला!

“हा आमचा फेणे नव्हे,” मी अंधारातच निकाल दिला. मागच्या रांगेतून कोणीतरी हुंकार भरला. तोही माझ्याच वयाचा असणार.

परतताना एस.टी.त मुलीने विचारले, “बाबा, तुम्ही फेणे शेवटचा कधी वाचलात?”

“सातवीत.”

बोला आता! असले खातेदार आमच्या काउंटरवर रोज येतात. वर्षानुवर्षे फिरकत नाहीत, नि एक दिवस पासबुक आपटतात – माझ्या खात्याला हात कोणी लावला? दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय, आणि दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत. हक्क मात्र बुडत नाही, हेही मी त्यांना सांगतो. फक्त ओळख नव्याने पटवावी लागते. इथेच माझी पंचाईत. फेणे मोठा झाला म्हणून मी रुसलो. पण सातवीतल्या त्या पोराच्या फोटोशी हे टक्कल आणि ही ढेरी कोण जुळवणार?

आमच्या पोफळीच्या वीजघरातून कोयनेचे पाणी वाशिष्ठीला जाते. कृष्णेकडे निघालेले पाणी, पण तक्रार करताना कधी ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने वाचनालयातून फेणे आणला. मी हात पुढे केला.

“थांबा हो बाबा,” ती म्हणाली, “खातं आता जॉइंट आहे.”