झाकावे की सांगावे?



नोहाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जलप्रलयानंतर त्याने द्राक्षमळा लावला, द्राक्षारस पिऊन तो धुंद झाला व तंबूत उघडा पडला. हामने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम व याफेथ मात्र खांद्यावर वस्त्र घेऊन उलट्या पावली आत गेले व बापाकडे न पाहता त्याला झाकून आले. ही गोष्ट शिकवताना मी मुलांना नेहमी म्हणत असे, "दुसऱ्याचे उणे चव्हाट्यावर आणू नये."

तीच शिकवण मी घरात पाळली आणि तिथेच चुकले. माझा धाकटा भाऊ सिडनीत आमच्याजवळच राहतो. त्याचे पिणे वाढले तेव्हा दर सोमवारी त्याच्या कामावर फोन करून "ताप आहे" असे मीच सांगत असे. सणाला तो आला नाही तर लोकांना "ड्यूटी आहे" म्हणे. भावजय गप्प, मीही गप्प. समाजात नाव राहिले, माणूस मात्र खंगत गेला.

मग शेम आणि याफेथ चुकले काय? नाही. त्यांनी एका प्रसंगाची लाज झाकली. आम्ही वर्षानुवर्षांचा आजार झाकला. आणि हामचे तरी काय चुकले? त्याने सांगितलेच नसते तर वस्त्र घेऊन कोणी आले नसते. मला वाटते, दोष सांगण्यात नव्हता. सांगून स्वतः हात झटकण्यात होता. जो मदत करील त्याला सांगणे ही चुगली नव्हे.

शेवटी मी भावाबरोबर आमच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे पहिलीच गोष्ट कळली ती अशी, की वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. मी एकदा त्याच्या बाटल्या मोरीत ओतल्या होत्या व ते पुण्य समजले होते! अंगातील दारू उतरवणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे, आणि ती केवळ सुरुवात असते. पुढे समुपदेशन, नॅलट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखी औषधे व सोबत्यांचा आधार, असा महिनोन्‌महिन्यांचा प्रवास असतो.

सर्वांना एकच वाट मानवत नाही. कोणाला केंद्रात राहणे हिताचे, कोणाला घरी राहूनच उपचार पुरतात. केंद्र निवडताना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. डॉक्टर आहेत काय? घरी परतल्यावर पाठपुरावा कोण करील? घरच्यांना उपचारात स्थान आहे काय? "खात्रीने बरा करतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना 1935 साली अमेरिकेत बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून उभी राहिली, आणि 1945 पासून ती ऑस्ट्रेलियात आहे. तिच्या सभांना फी नाही. घरच्यांसाठी अल्-अनॉन आहे. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केले. मायदेशी कोणाचे आप्त अडचणीत असतील तर त्यांना ते दार ठाऊक असावे. इथे 1800 250 015 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो व गुप्तताही राखली जाते.

माझा भाऊ दोनदा पुन्हा घसरला. दुसऱ्या वेळी त्याने स्वतःच फोन केला, "ताई, चल, डॉक्टरांकडे जाऊ." त्या दिवशी मला वाटले, आता तो सावरेल. घसरणे हा उपचाराचा पराभव नव्हे. लपवणे हा होय.

कोकणात आपले वाडवडील काळ्या मनुका भिजवून त्यांच्या शरबतावर किद्दूश म्हणत. सिडनीत आल्यावर आम्ही बाटली आणू लागलो होतो. आता शुक्रवारी रात्री आमच्या घरी पुन्हा मनुकांचे शरबत असते, आणि ते सर्वांसाठी. एकट्या त्याच्यासाठी वेगळा पेला ठेवत नाही. कारण कोणी विचारत नाही. विचारले तर तो स्वतःच सांगतो.

ज्यांच्या घरी असे वस्त्र वर्षानुवर्षे पांघरलेले आहे, त्यांनी ते थोडे दूर करून एका तरी जाणत्या माणसाला आत बोलवावे, एवढीच नम्र विनंती.