परक्या मुद्रेची ठेव

हरसूलच्या बाजारात एखाद्या वृद्धेचे छायाचित्र घेतले, तर ते कोणाचे? यंत्र आपले, मुद्रा तिची. म्हणजे हाती आली ती ठेवच. ती एकाच कार्डावर ठेवून पुढे प्रवास करणे आम्हांस ठेव बुडविण्यासारखे वाटते. याच तालुक्यात, त्र्यंबकेश्वरी, १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज अखंड मिळत नाही. तेथे आपल्या कार्डाची काय कथा! रोज रात्री दोन डिस्कांवर प्रती कराव्या. एक आपल्या पिशवीत, दुसरी सोबत्याच्या. एस.टी.च्या धक्क्यांत फिरत्या चकतीपेक्षा एसएसडी बरी. पाहण्याचा पडदा मात्र आम्ही मोठाच घेऊ. त्या वृद्धेच्या मंद दृष्टीसही तो दिसला पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी चित्र पाहून ती ‘पुसून टाक, बाबा’ म्हणाली, तर दोन्ही प्रतींतूनही ते पुसावे लागेल.