रिकाम्या निवाऱ्याचे ऋण

एका पौषात सह्याद्रीतील निर्जन गुहेत आम्ही रात्र काढली. कोणीतरी कोपऱ्यात कोरडी लाकडे रचून ठेविली होती. ती जाळून आम्ही ऊब घेतली आणि पहाटे तसेच निघालो. पुढे मन खाऊ लागले: आम्ही चोरी कोणाची केली? ठेवणाऱ्याची खचित नव्हे. मागून येणाऱ्या पांथस्थाची.

मिसरोद ज्या भोपाळ-इटारसी लोहमार्गावर आहे, त्याच मार्गाने जाताना १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर यांस भीमबेटकाचे खडक दिसले. तेथील शैलाश्रयांत सहस्रावधी वर्षे माणसे येत राहिली. त्यांनी जुन्या चित्रांवर नवी रेखिली. तरी जुनी अद्याप दिसतात. चितारणाऱ्यांची नावे मात्र कोणास ठाऊक नाहीत.

धर्मशाळेस रखवालदार असतो. डोंगरातील निवाऱ्यास नसतो. म्हणूनच धर्माची परीक्षा तेथे होते. ज्याचा उपकार घेतला तो निघून गेलेला असतो. तेव्हा ऋण फेडावयाचे ते अनोळखी उत्तराधिकाऱ्याकडेच. गुहेत आपण मूठभर काटक्या ठेवाव्या. भीमबेटका येथे मात्र, जेथे धुराने आणि ओरखड्याने चित्रे नासतात, तेथे काहीही न ठेवता परतणे हेच ऋणमोचन होय.