वाचनाची थकबाकी

नववर्षाच्या पहिल्या दिवशी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून पवित्र शास्त्राचे वाचन संकल्पपूर्वक आरंभावे, अब्राहाम, याकोब आणि योसेफ यांच्या कथांनी जानेवारी सुखाने पार पडावा, आणि निर्गमाच्या उत्तरार्धात निवासमंडपाची मोजमापे सुरू होताच उत्साहाला जी ओहोटी लागावी ती लेवीयाच्या यज्ञविधीत वाचन समूळ बंद पडेपर्यंत थांबू नये, हा प्रकार ख्रिस्ती घरांतून इतका परिचयाचा आहे की, त्याचे खापर केवळ आळसावर फोडणे न्यायाचे होणार नाही. प्रोटेस्टंट परंपरेच्या शास्त्रात ६६ पुस्तके व १,१८९ अध्याय आहेत. वर्षाच्या दिवसांवर त्यांची वाटणी केली तर रोज सव्वातीन अध्याय वाट्यास येतात आणि तेवढ्यास सहसा अर्धा तासही लागत नाही. वेळेची सबब येथे टिकत नाही. अडचण दुसरीकडे आहे.

स्कॉटलंडातील डंडी येथील सेंट पीटर्स मंडळीचा पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन याने १८४२ च्या अखेरीस आपल्या लोकांना दैनंदिन वाचनाचे जे कोष्टक करून दिले, त्यात पहिल्या जानेवारीस एक नव्हे तर चार आरंभ आहेत. उत्पत्ति, एज्रा, मत्तय आणि प्रेषितांची कृत्ये ही चार पुस्तके त्या दिवशी एकदम उघडतात. म्हणजे सृष्टीचा आरंभ, बंदिवासातून परतलेल्यांचा नवा आरंभ, ख्रिस्ताचा जन्म आणि मंडळीचा जन्म ही चारही वृत्ते वाचकापुढे एकाच दिवशी येऊन उभी राहतात. दोन अध्याय कुटुंबात मोठ्याने वाचावयाचे, दोन एकांतात. वर्षाअखेर जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होते. लेवीय येथेही चुकत नाही, परंतु तो येतो तेव्हा त्याच दिवशी नव्या करारातील एखादे पानही उघडलेले असते, आणि वेदीवरील रक्ताची वर्णने वाचणाऱ्यास ती कोणाकडे बोट दाखवीत आहेत हे विचारण्यासाठी सहा महिने थांबावे लागत नाही.

या योजनेचे धोकेही मॅकशेनने स्वतःच लिहून ठेवले, ही गोष्ट मला योजनेइतकीच मोलाची वाटते. वाचन उपचारमात्र होईल, नेमलेला भाग पुरा केल्याचा अहंकार चढेल, अध्याय उरकण्याची घाई सुटेल आणि काहींना हे जू पेलवणार नाही, असे त्याने आरंभीच बजावले. पुढे तीनच महिन्यांत, १८४३ च्या मार्चमध्ये, तापाने त्याचा अंत झाला. वयाची तिशीही त्याने गाठली नव्हती.

मग वेचक उतारेच का वाचू नयेत, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारील. मूर्छा येणाऱ्या जीवास तेविसावे स्तोत्र पुरेसे आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु क्रमाने वाचणाऱ्यास जे दिसते ते वेचणाऱ्यास दिसत नाही. निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायात आज्ञा होते की, बाभळीच्या लाकडाचा कोश करावा, अडीच हात लांब, दीड हात रुंद व दीड हात उंच. आणि सदतिसाव्या अध्यायात कारागीर बसालेल तो कोश करतो तेव्हा तेच लाकूड आणि तीच मापे पुन्हा जशीच्या तशी लिहिलेली आहेत. कंटाळलेला वाचक याच ठिकाणी पुस्तक मिटतो. मात्र या दोहोंच्या मध्ये बत्तिसावा अध्याय आहे: लोकांनी सोन्याचे वासरू ओतले आहे, मोशेने पाट्या फोडल्या आहेत, करार मोडला आहे. इतके सारे घडून गेल्यावर कोशाच्या लांबीत बोटभराचाही फरक पडत नाही, ही त्या रुक्ष पुनरुक्तीची गोष्ट आहे. क्षमा झाल्याचे इतके कोरडे आणि इतके निःसंदिग्ध दफ्तर मी अन्यत्र वाचलेले नाही.

आपल्याकडील धर्मशास्त्राने कर्माचा जो नित्य आणि नैमित्तिक असा भेद केला आहे, तो येथे मोठा उपयोगी पडतो. सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा नैमित्तिक व्रत आचरतो, सात दिवसांत अठरा अध्याय पुरे होतात आणि व्रताची सांगता होते. रोज सायंकाळी हरिपाठ म्हणणारा नित्याचे आचरण करतो आणि त्यास सांगता नाही. वार्षिक कोष्टक बाहेरून पारायणासारखे दिसते, आणि वाचकाची फसगत होते ती येथेच. तो समाप्तीकडे डोळे लावतो, चार दिवस चुकले की सोळा अध्यायांची बाकी पुढे ओढतो, ती फेडण्यासाठी रविवारी दुपारी डोळे चोळीत पाने उलटतो, आणि बाकी चाळीस अध्यायांवर गेली की सावकाराला चुकवणाऱ्या कुळाप्रमाणे पुस्तकालाच चुकवू लागतो. नित्यकर्म न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो, असे मीमांसकांचे मत आहे. ख्रिस्ती नित्यवाचन नित्य आहे, पण त्यास प्रत्यवाय नाही. ज्या शास्त्रात अनुग्रह हाच मुख्य विषय, त्याच्या वाचनावर दंड बसवणे विसंगत होय.

याचा अर्थ इच्छा होईल तेव्हा वाचावे असा नव्हे. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. शब्द दिला म्हणून त्यांनी ती वाचावयास घेतली आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्या शब्दाचे बंधन उरले नाही. अशी पकड भाग्याने लाभते, रोज लाभत नाही, आणि ती लाभली तेव्हाही आरंभ दिलेल्या शब्दानेच झाला होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठाच्या नियमांत वाचनाचे तास नेमून दिले, एवढेच नव्हे तर त्या वेळी कोणी गप्पा मारीत तर बसला नाही ना हे पाहण्यास एक-दोन ज्येष्ठांनी फेरी घालावी असेही घातले. मठवासीयांस जर पहारा लागत होता, तर कचेरी, स्वयंपाक आणि मुलांच्या शाळा सांभाळणाऱ्या गृहस्थाने ठराविक वेळ आणि ठराविक जागा नेमून घेण्यात कमीपणा मानू नये. घरात मोठ्याने वाचण्याचा शिरस्ता असेल तर फेरी घालणाराही लागत नाही; घरातले लहान मूलच आठवण करून देते.

मॅकशेनच्या कोष्टकाचा एक लाभ त्याने स्वतः सांगितला होता: सारी मंडळी एकाच दिवशी एकच भाग वाचील, आणि भेटीत त्यावर बोलणे होईल. ज्याचे दिवस चुकले आहेत त्याने एवढे लक्षात घ्यावे की, मागचे अध्याय फेडीत बसला तर तो सगळ्यांच्या मागेच राहील. ते पुढील वर्षी त्याच तारखांना पुन्हा येणारच आहेत. आज त्याने आजच्या तारखेचे वाचावेत.